शाम्पूचा निरोप

नेवाशाच्या ज्युनिअर कॉलेजात 'एका इंग्रजी शब्दाची जन्मकथा' ही वक्तृत्व स्पर्धा सुरू व्हायला थोडाच वेळ उरला होता. तेवढ्यात प्राचार्यांनी जालिंदरच्या खांद्यावर हात ठेवून त्याला व्हरांड्यात नेलं. लेकीचं भाषण ऐकायला तो नागापूरच्या कारखान्यात रजा टाकून आला होता. एवढ्या मोठ्या माणसानं खांद्यावर हात ठेवला म्हणून आधी त्याला बरंच वाटलं.

"निकिता हुशार आहे हो," प्राचार्य साखरपेरणी करत म्हणाले. "पण तिनं 'पॅरिया' शब्द निवडलाय. पाहुण्यांसमोर जातीपातीचा विषय कशाला? शाम्पू घे म्हणावं. तोही आपल्याकडूनच इंग्रजीत गेलाय. जमत नसेल, तर यंदा राहू दे. तेवढा निरोप द्या तिला. आणि मी सांगितलं असं म्हणू नका. तुमचं ऐकेल ती."

"व्हय सर," जालिंदर म्हणून गेला.

स्टेजमागे निकिता ओठातल्या ओठात भाषण घोकत होती. जालिंदर तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. निरोप जिभेवर आला होता, पण विचारलं भलतंच.

"काय गं, त्यो शब्द हाय तरी काय?"

"पॅरिया? वाळीत टाकलेला माणूस. इंग्रजी पेपरात सारखा येतो, पप्पा. एखाद्या देशाशी कुणी बोलेनासं झालं, की तो देश पॅरिया. पण मुळात ते एका जातीचं नाव हाय. तमिळ मुलखातली माणसं, परई नावाचं वाद्य वाजवणारी. गाव त्यांना शिवत नव्हतं. गोऱ्यांनी ते नाव उचललं आणि त्याची शिवी करून जगभर वाटली." बोलता बोलता तिला दम लागला. "मैत्रिणी म्हणतात, एका शब्दाला काय धरून बसतीस. मी धरून बसणार हाय."

जालिंदरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लेकीवर नाही, स्वतःवर. ते 'व्हय सर' किती पटकन निघालं होतं तोंडातून!

"सर काय म्हणत हुते तुमाला?" निकितानं विचारलं.

"काय न्हाई. तू आवाज मोठा ठेव. पार मागच्या खुर्चीपत्तूर आला पायजे."

तो तिथून सरळ पहिल्या रांगेत गेला. प्राचार्य पाहुण्यांशेजारी बसले होते. त्याला बघून ते जरा वाकले आणि हळूच म्हणाले, "दिलात ना निरोप?"

"न्हाई सर," जालिंदर पाहुण्यांनाही ऐकू जाईल असा बोलला. "गावाचे निरोप पोचवायचं काम आमच्या आज्यानं छप्पन सालीच, दीक्षा घेतली तवा सोडलंय."