आबांचा हात

आबांनी कप उचलला आणि ठरल्याप्रमाणे थोडा चहा बशीत सांडला.

सुनेने फडकं पुढे सरकवलं. समोर बसलेल्या घड्याळवाल्यानेही ते पाहिलं आणि मांडीवरची डबी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

डबीत स्फटिक होता. चार बोटं लांब, पाण्यासारखा स्वच्छ. घड्याळाचा लंबक करायला त्याने तो वर्षभर घासून तयार केला होता. आता त्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत, बरोबर मधोमध, दाभणाएवढं भोक हवं होतं. असा दुसरा तुकडा मिळणार नव्हता.

"तुम्हीच पाडणार ना, आबा?"

"माझे हात बघताय ना? सूनबाई पाडेल."

घड्याळवाल्याचा चेहरा उतरला. आपण आबांच्या हातासाठी लांबून आलो, हात बरा होईपर्यंत महिना-दोन महिने थांबू, असं तो म्हणाला. थांबा खुशाल, आबा म्हणाले, लंबक थांबला म्हणून वेळ थोडीच थांबते.

हे थरथरण्याचं नाटक सहा महिन्यांचं. आबांच्या मुलाला दगडांचा कंटाळा, तो गाड्या दुरुस्त करायचा. सुनेला मात्र नजर होती. दगड उजेडाला धरून तो कुठे तडकेल हे ती आबांच्याही आधी सांगायची. पण भोक पाडायच्या मशीनवर बस म्हटलं की, तुमचा हात असताना माझा कशाला, म्हणून उठून जायची. आबांनी समजावलं, रागावून पाहिलं, एकदा जेवणावर रुसले. हिऱ्याला हिरा कापतो, हिला काय कापणार, असं वैतागून म्हणायचे.

मग एकाच आठवड्यात आबांच्या हातून दोन दगड फुटले. भोक पाडणाऱ्या बिटांची ती खेपच वाईट, आबा म्हणाले. त्या संध्याकाळी बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, हात थरथरतो म्हणून सांगा की तिला. नाइलाज झाला की बसेल."

आबांना युक्ती एकदम पटली. चाळीस वर्षांत तू पहिल्यांदाच शहाणपणाचं बोललीस, असंही ते म्हणाले. बायकोने भाजीची पुढची जुडी सोडली.

दुसऱ्या दिवसापासून कप हिंदकळू लागला. शर्टाची बटणं बायको लावू लागली. नाटक इतकं अंगवळणी पडलं की खोलीत कोणी नसतानाही हात हलायचा. आपल्याच कसबाचं आबांना हसू यायचं.

आणि सून मशीनवर बसली. आबांनी तिला आधी भोक पाडायला शिकवलंच नाही, पाणी ठेवायला शिकवलं. कोरड्या दगडाची धूळ डोळ्याला दिसत नाही, छातीला दिसते, म्हणून दगड कायम पाण्यात. चष्मा डोळ्यांवर, कपाळावर नाही. दगडावर जोर करायचा नाही, त्याची समजूत काढायची.

घड्याळवाल्याने अखेर डबी उघडली. ती आबांच्या हातात न देता त्याने सुनेसमोर ठेवली.

सुनेने स्फटिक खिडकीकडे धरून बराच वेळ फिरवला. आत, मध्याच्या किंचित पुढे, धुक्यासारखी एक रेघ होती. तिने घड्याळवाल्याला ती दाखवली आणि सांगितलं की धोका इथे आहे, नको वाटत असेल तर आत्ताच सांगा. त्याने मान हलवली, पण हो की नाही ते त्यालाच ठाऊक. आबांनी ते हो धरलं.

स्फटिक लाकडी शिकंज्यात बसला, शिकंजा पाण्याच्या ट्रेमध्ये. बिट टेकलं. थोडं खाली, मग वर, पाणी आत जाऊ द्यायचं, पुन्हा खाली. पाणी दुधाळ झालं. ती दोनदा थांबली आणि पाणी बदललं. निम्म्यावर आल्यावर तिने मशीन बंद केलं, स्फटिक उलटा केला आणि दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली. एकाच बाजूने आरपार गेलं की पलीकडचा टवका उडतो. दोन्ही भोकं आत भेटली पाहिजेत, केसभरही चुकून चालत नाही.

रेघेजवळ आवाज बदलला. बारीक, किरटा. आबांच्या तोंडात "उचल" हा शब्द आला, पण तिने आधीच बिट उचललं होतं. ती पाच श्वास थांबली. मग नुसत्या बोटांच्या टोकांनी मशीनचा दांडा खाली आणला. घड्याळवाल्याने डोळे मिटले होते.

आवाज एकदम मोकळा झाला.

तिने स्फटिक धुऊन त्याच्या हातात दिला. त्याने एका टोकाला डोळा लावला. पलीकडे खिडकीचा उजेड सरळ, गोल दिसला. एक टवका नाही.

"तुमचाच हात आहे हा, आबा," तो म्हणाला.

"माझा नाही. रेघेजवळ मी घाई केली असती. हिने केली नाही."

सून खाली बघत ट्रे पुसत राहिली. कान लाल झाले होते. मग ती घड्याळवाल्याला रस्त्यापर्यंत सोडायला गेली. आबा दारातून तिच्या पाठीकडे बघत होते. त्यांची छाती शर्टात मावत नव्हती.

आत येऊन त्यांनी बायकोला हाक मारली. नाटक संपलं म्हणाले. आता तिला सगळं सांगायचं, पण आधी एक मणी आपल्या हातचा करून ठेवायचा. म्हातारा अजून काय चीज आहे ते कळू दे तिला.

"आज राहू द्या की," बायको म्हणाली.

आबांनी ऐकलं नाही. ट्रे भरला, चष्मा लावला, साधा गारेचा मणी शिकंज्यात बसवला, मशीन सुरू केलं आणि दांडा धरला. हाताला म्हणाले, बास रे आता, थांब.

बिट मण्याला टेकलं आणि नाचू लागलं. आबांनी उजवं मनगट डाव्या हाताने आवळलं. आता दोन्ही हात नाचू लागले.

त्यांनी मान वर केली. बायको भिंतीपाशी उभी होती. तिचा हात आधीपासूनच मशीनच्या बटणावर होता.