आजीची माती

कॉर्बिननं सकाळच्या त्रेसष्ट गोळ्या टेबलावर ओळीनं मांडल्या आणि मेराहीकडे तिची आजी मागितली.

“सगळी नकोय. हाडांखालची माती फक्त. सहा नळ्या.”

मेराही त्याला ट्यूना वाढत होती. तिचा हात थांबला नाही. हा पाहुणा येऊन तीन आठवडे झाले होते. वय अठ्ठावन्न, सांगायचा एक्केचाळीस, कारण त्याच्या यंत्रानं त्याचं रक्त बघून तसा निकाल दिला होता. चेहरा तेल चोळलेल्या टोमॅटोसारखा. रोज उठून जीभ बाहेर काढायचा, तिचा फोटो काढायचा आणि यंत्राला दाखवायचा. दुसऱ्यांचे जंतू नकोत म्हणून त्यानं मागची सुटी खोली घेतली होती, आणि त्या खोलीला वेगळा संडास बांधून मागितला होता. खड्डा मेराहीच्या धाकट्या भावानं, पेतेरोनं, दोन दिवस घाम गाळून खणला होता.

“यंत्रानं कोट्यवधी जंतू चाळलेत, नुआ,” कॉर्बिन म्हणाला. वयस्कर बायांना या बेटावर नुआ म्हणतात, हे तो विमानातच शिकून आला होता. “म्हातारपण थोपवणारं औषध बनवणारा जंतू कुठं असेल, तर तो तुमच्या आहूच्या दगडी चौथऱ्याखाली. खारी हवा, जुनी हाडं. कृत्रिम बुद्धिमत्ता चुकत नाही.”

“आहूत आमची माणसं पुरलीत. ती जागा तापू आहे, निषिद्ध. तिथल्या दगडावर आम्ही पायसुद्धा ठेवत नाही.”

“जगात माणसं मरतायत, नुआ.”

“आजीसुद्धा मेलीच की. तिनं कुणाला उकरलं नाही.”

तो हसला. दात नको इतके पांढरे. “मी सान्तियागोहून सरकारी कागद आणू शकतो. मग खोदाईचं यंत्र येईल. त्यानंतर खाली काय उरेल, ते सांगता येणार नाही.”

मेराहीनं वाडगा ठेवला.

“यंत्र नको. कुणाचा हात लागता कामा नये. मी एकटी काढून देईन. परवा पहाटे.”

पेतेरो दारामागून ऐकत होता. पाहुणा उठल्यावर तो आत आला.

“आजीला विकलीस?”

“विकली नाही. देतेय.”

“फुकट! वा! कोंबडी देतानासुद्धा घासाघीस करतेस तू.”

“पेतेरो, तुला कळत नाही.”

“मला वास कळतो,” तो म्हणाला आणि अंगणात जाऊन थुंकला.

ठरल्या पहाटे मेराहीनं गमबूट चढवले, नाकाला फडकं बांधलं आणि फावडं घेतलं. पेतेरोनं खिडकी लावून घेतली. बघायचंच नव्हतं त्याला. त्याचा डोळा लागतो न लागतो तोच ती परत आलेली होती आणि राख-लिंबानं हात चोळत होती. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा.

कॉर्बिननं नळी उघडून नाकाशी धरली. माती काळी, ओली.

“किती जिवंत आहे!” त्यानं डोळे मिटले.

पुढचे आठ महिने पेतेरो बहिणीच्या हातचं जेवला नाही.

मग कॉर्बिन परत आला, आभार मानायला. यंत्राला त्या नळ्यांतल्या एका जंतूत कुणीच न पाहिलेलं रसायन सापडलं होतं. म्हातारे उंदीर चाकावर पळू लागले होते. माणसांवरच्या चाचण्यांना वर्षं लागणार, आणि याला कुठला धीर! त्यानं थेट त्या जंतूचाच अर्क स्वतःवर सुरू केला होता.

त्याच्यासाठी जमिनीतली भट्टी लावली. रताळी, मासे, कोंबड्या केळीच्या पानांवर वाढल्या. सगळं कुळ जमलं. कॉर्बिननं खिशातून बाटली काढली, जिभेवर सात थेंब सोडले, बोटानं हिरड्यांना चोळले. मग झाकण चाटलं.

“तुमची आजी आता माझ्यात आहे, नुआ,” तो गहिवरून म्हणाला आणि ओल्या ओठांनी मेराहीच्या गालाचा मुका घेतला.

बायकांनी तोंडाला पदर लावावा तसे हात लावले. पेतेरो ताट टाकून केळींमागे गेला आणि ओकला. मेराही पाणी घेऊन त्याच्यामागे आली.

“हात लावू नकोस मला,” तो म्हणाला. “आजी खातोय तो! आणि तू वाढलीस. उद्या मी आहूवर जातो, तिची माफी मागायला. तू येऊ नकोस.”

“जा. एक खडा जरी हललेला दिसला तर मला घराबाहेर काढ.”

पेतेरोनं तोंड पुसलं. “मग त्या सहा नळ्या?”

मेराहीनं गाल पुसला, आणि हनुवटीनं मागच्या सुट्या खोलीकडे, पेतेरोनंच खणलेल्या संडासाच्या खड्ड्याच्या झाकणाकडे दाखवलं.

“दुसऱ्या कुणाचा जंतू नाही हो त्यात.”