पोथीच्या रुमालात

त्र्यंबकबुवांनी रुमाल सोडला आणि आत कादंबरी उघडी पडली. शहाद्याच्या राममंदिरात समोर बसलेल्यांनी भक्तिभावाने हात जोडले. व्यासपीठाच्या आडोशामुळे त्यांना नुसता लाल रुमाल दिसत होता.

पोथी वाळवीने खाल्ली होती. चातुर्मास अर्धा उरला होता. मध्येच वाचन खंडित झालं तर गावाला ते अशुभ वाटणार, आणि बुवांच्या निष्काळजीपणाचा बोभाटा होणार तो वेगळाच. नवी पोथी मुंबईहून मागवली होती. ती आगगाडीने दोंडाईच्याला आणि तिथून बैलगाडीने यायची. ओव्या बुवांना तोंडपाठ होत्या. पण पुढ्यात पान उघडं नसेल तर वाचन देवाला पोचत नाही, अशी गावाची समजूत. म्हणून पत्र्याच्या पेटीतलं जे एकच पुस्तक वाळवीच्या तावडीतून सुटलं होतं, ते त्यांनी रुमालात बांधलं. पानं नुसती समोर धरायची, ओव्या आठवणीतून म्हणायच्या.

ती कादंबरी बुवांनी तरुणपणी अर्धी वाचली होती. मग गुरूंनी त्यांना गादीवर बसवलं आणि बजावलं, "या जिभेवर आता फक्त देवाच्या लीला. कल्पित नको." बुवांनी त्याच दिवशी पुस्तक मिटलं. त्याला वीस वर्षं होऊन गेली.

आज ओवी म्हणून झाली. अर्थ सांगताना बुवांची नजर सवयीने पानावर गेली. नदीला पूर आला होता. सासरच्यांनी हाकललेली सगुणा काठावर उभी होती. नावाडी दोर सोडायच्या बेतात होता, आणि मागून तिला कुणीतरी हाक मारली.

"दृष्टान्त असा," बुवा म्हणाले, आणि वाचू लागले.

दुसऱ्या दिवशी दृष्टान्त लांबला. तिसऱ्या दिवशी ओव्या चारच झाल्या. अर्थाला हटकून डुलक्या काढणारा भिकन तेली खांबाला टेकायचं सोडून पुढे सरकला.

"आज घोरी नई ऱ्हायना रे, भिकन?" पारुबाईने टोमणा मारला. ही म्हातारी कुठलंही कीर्तन चुकवायची नाही, आणि कुणाला सोडायचीही नाही.

"झोप कशी लागी, मावशी? पोर पानीना काठवर उभी शे ना!"

माणसं हसली. बुवाही हसले. श्रोते श्वास रोखून धरतात तेव्हा मंडप कसा भासतो, ते बुवा विसरूनच गेले होते. आपलाही श्वास अडकतो, हे तर त्याहून विसरले होते.

पण घरी गेल्यावर गुरूंचे शब्द आठवत. कळलं तर गादी जाणार, वीस वर्षांचं नाव मातीत मिळणार. लोक रोज या पुस्तकाला फूल वाहतात, ओवाळतात. हे पाप कुणाच्या माथी? मग त्यांनी मनाशी एक तडजोड केली. पुस्तक घरी उघडायचं नाही. देवापुढे वाचलं तर सेवा, घरी वाचलं तर चैन. सगुणेचं पुढे काय होणार, ते त्यांनाही रोज मंदिरातच कळायचं.

आणि एके दिवशी नवी पोथी आली.

बुवांनी देवाचे आभार मानले. कादंबरी पेटीत गेली. नव्या पानांवरून त्यांनी ओव्या म्हटल्या, अर्थ सांगितला. आवाज तोच, ताल तोच. भिकन खांबाला टेकला. आरतीचं तबक पुढे आलं, तशी पारुबाईने हात वर केला.

"बुवा, ती पोर कोठे शे?"

"कोणती पोर, पारुबाई?"

"काठवरली."

बुवांनी नवी पोथी मिटली. "तो दृष्टान्त या पोथीत नाही."

"जुनी पोथीमा बी नव्हता."

बुवांनी सगळ्यांकडे पाहिलं. कुणाच्याच चेहऱ्यावर नवल नव्हतं.

"म्हणजे तुम्हाला सगळ्यांना... केव्हापासून?"

"पयलाच दिनपाईन."

"कशावरून ओळखलंत? भाषेवरून?"

"भाषा आमले काय समजस, बुवा?" पारुबाई पदर तोंडाशी धरून हसली. "वीस वरीस ऐकी ऱ्हायनू तुम्हले. पोथीना अध्याय संपना का तुम्ही झट रुमाल बांधेत. ह्या पुस्तकले मात्र बांधता बांधता पुढलं पान चोरीसन पाहेत!"