हरणाशी आधी बोलायचं असतं

"हरणाच्या शिकारीसाठी दुर्बीण कुठली चांगली?" हे शिकारीच्या दुकानात जाऊन विचारून दाखव, अशी पैज माझ्या मैत्रिणी लेना आणि मैथिलीने लावली होती. मी काय, बिनधास्त विचारलं! काचेबाहेर दोघी हसून हसून बेजार.

म्हातारे दुकानदार क्लाइनर हसले नाहीत. त्यांनी एक जड दुर्बीण माझ्या हातात दिली. "हिच्यातून तिन्हीसांजेलाही दिसतं. पण गोळी झाडण्याआधी आनश्प्रेशन करायचं हं."

जर्मन शिकाऱ्यांच्या बोलीत त्याचा अर्थ जनावर नीट ओळखणं. मला शाळेतल्या जर्मनमधलाच अर्थ ठाऊक होता, आपणहून बोलणं.

मी दुर्बीण खिडकीबाहेर रोखली. समोरच्या शेतात एक हरिणी माझ्याकडेच बघत होती. मी गंमत म्हणून मराठीत म्हटलं, "अहो, ओळखलंत का?"

दुर्बीण खाली केली, तर शेत रिकामं. पुन्हा लावली, तर ती पार कुंपणाशी आलेली.

तिचे ओठ हलले. आवाज माझ्या कानाशीच आला, स्वच्छ मराठीत. "मागच्या सीटवरची तूच ना? 'बाबा, थांब' म्हणून ओरडणारी?"

मे महिन्यात जंगलातल्या रस्त्यावर बाबाच्या गाडीखाली पाडस आलं होतं. बाबा थांबलाच नाही. "ऊर्जा, रडू नकोस, मीटिंग आहे," म्हणाला होता.

हरिणीने एकच गोष्ट मागितली. मला ती पटली.

घरी आई-बाबा चहा घेत बसले होते.

"आई, बाबा, मी ठरवलंय," मी म्हणाले. "उद्या आपण त्याच रस्त्याने जायचं. मी सांगेन तिथे गाडी थांबवायची. आणि बाबा, तू एकट्यानेच उतरायचं. पाडसाच्या आईला आधी तुझ्याशी बोलायचंय."