बाईंच्या सुया

"बाई, तुमची ही कांडी घेतो," असं म्हणेपर्यंत शंकासुराने पेनांच्या डब्यातली काचकांडी उचलून फ्लास्कमध्ये घातलीसुद्धा होती. त्याची स्वतःची नुकतीच, स्फटिक धरावेत म्हणून फ्लास्कची काच आतून खरडता खरडता, मोडली होती.

बाईंनी मान वर न करता नुसतं "हं" केलं. नोकरीचा शेवटचा दिवस होता, पाचपर्यंत किल्ल्या द्यायच्या होत्या आणि कपाट अजून अर्धं भरलेलं होतं. शिवाय त्या फ्लास्कवर त्यांची काही आशा उरली नव्हती. सात महिने हा विद्यार्थी त्याच्याशी झटत होता आणि आतला पदार्थ मधासारखा चिकट तो चिकटच.

एकतीस वर्षांपूर्वी बाईंनी आपल्या प्रबंधात याच पदार्थाबद्दल लिहिलं होतं : पांढरे, सुयांसारखे स्फटिक, एकशे बारा अंशांना वितळतात. एकदाच झाले होते. पुढे ते ना दुसऱ्या कुणाला जमले, ना खुद्द बाईंना. नंतर त्यांनी साठेक नवे पदार्थ घडवले, पण भेटेल तो आधी हसून विचारायचा, "सुया सापडल्या का?" शेजारच्या प्रयोगशाळेतले डॉक्टर तर रोज सकाळी न चुकता. शंकासुराचाही विश्वास नव्हता, आणि तसं त्याने तोंडावर सांगितलं होतं. म्हणून तर हे नाव पडलं. बाईंना त्याचा स्पष्टपणा आवडला होता आणि लागलाही होता.

"बाई."

आवाज असा होता की हातातली फाइल टाकून त्या धावल्याच.

कांडीने खरडलं होतं तिथे काचेवर एक पांढरा ठिपका होता. बघता बघता त्याला काटे फुटले, त्या काट्यांना आणखी काटे. दोन मिनिटांत फ्लास्कभर सुया झाल्या.

"हलवू नकोस," बाई म्हणाल्या.

गाळून, सुकवून होईस्तोवर जेवणाची वेळ टळून गेली. दोघांनाही भुकेची शुद्ध नव्हती. शंकासुराने चिमूटभर सुया केसाएवढ्या नळीत भरल्या आणि तो त्या तापवायला बसला. बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. आकडा चुकला तर ती नुसती दुसरीच कसली तरी भुकटी ठरणार होती.

"शंभर. काही नाही. एकशे पाच. एकशे दहा." मग तो बोलेचना.

"अरे, बोल ना बाबा."

"एकशे बारा, बाई. लख्ख पाणी झालं."

इतका आनंद बाईंना प्रबंध मान्य झाला तेव्हाही झाला नव्हता. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

"पण आज मी वेगळं काय केलं?" शंकासुर म्हणाला, आणि दोघांची नजर एकदमच कांडीवर गेली. "ही कधीची?"

"तेव्हाचीच. परीक्षकांनी सुयांवर शंका घेतली ना, त्या दिवशी रागाने डब्यात कोंबली ती कोंबलीच."

"न धुता?"

विद्यार्थ्यांकडून एकेक काच तीनतीनदा धुवून घेणाऱ्या बाई चक्क लाजल्या. "एखादा कण राहिला असेल चिकटून. एक कण असला की बाकीचे त्याचं बघून रांगेत बसतात. आणि मी वेडी, इतकी वर्षं स्वच्छ कांड्या वापरत बसले."

बातमी भिंतीपलीकडे गेली. शेजारचे डॉक्टर आले ते स्वतःची बाटली घेऊनच. चार वर्षांपूर्वी बाईंना खोटं पाडायला त्यांनीही हा पदार्थ केला होता, आणि तो तेव्हापासून तसाच चिकट पडून होता. शंकासुराने नव्या सुयांमधला एक कण त्यात सोडला. डॉक्टर चष्मा सारखा करेपर्यंत बाटली पांढरीशुभ्र झाली.

डॉक्टरांनी ती उलटी करून पाहिली. काही सांडलं नाही.

"हॅ," ते म्हणाले, "यात काय एवढं अवघड आहे?"

"मी कुठे म्हटलं होतं अवघड आहे?" बाई म्हणाल्या. "मी एकतीस वर्षं एवढंच सांगत होते, की होतात."