मारायला ठेवलेला गडी

आईस हॉकीत लॉर्नकडून गोलाची अपेक्षा कुणालाच नव्हती. पंधरा वर्षं त्याचं काम एकच, समोरच्या संघातल्या दांडग्या गड्याला बडवायचं. त्या संध्याकाळी कॅनडातल्या सडबरी शहरात समोर रेजाँ होता, त्याच्याइतकाच थकलेला. मागच्या हिवाळ्यात त्यानेच लॉर्नचं नाक मोडलं होतं. प्रशिक्षकाने खूण केली. लॉर्नने हातमोजे फेकले, रेजाँची जर्सी गच्च धरली आणि मूठ उगारली. प्रेक्षक उठून ओरडू लागले. तेवढ्यात रेजाँ त्याच्या अंगावर कलला. तो कानाशी पुटपुटला, “डोकं गरगरतंय रे. पाडू नकोस. बायको टीव्हीवर बघतेय.” लॉर्नने मूठ उघडून त्याही हाताने जर्सी पकडली. पंच येईपर्यंत दोघं झटापटीचं सोंग करत राहिले. मध्यंतरात प्रशिक्षक खेकसला, “म्हाताऱ्या, घाबरलास होय? एक तरी ठोसा हाणायचास!” लॉर्नने बुटाची नाडी सैल केली. “हाणला असता, तर त्याला धरलं कुणी असतं?”