अठरा मिनिटं

टायमर किणकिणला आणि तिने दात-ओठ खाल्ले. दुसराच अहवाल, तोही अर्धा. महिन्यापूर्वी एका फेरीत तीन हातावेगळे व्हायचे.

डॉक्टरांनी बोलून ठेवलेले तपासणीचे अहवाल ऐकायचे आणि टाइप करायचे, हे तिचं घरबसल्याचं काम. कानांवर हेडफोन, पंचवीस मिनिटांची फेरी, मग पाच मिनिटांची सुट्टी. वेळेकडे डोळा गेला की लक्ष ढळतं, म्हणून पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळावर तिने चिकटपट्टी मारली होती. भिंतीवरचं घड्याळ कपाटात उताणं पडलं होतं. वेळ सांगायचा मान फक्त टेबलावरच्या त्या चकती फिरवायच्या टायमरला. एवढं सोवळं पाळूनही काम घसरत चाललं होतं. सकाळीच कामावरच्या वरिष्ठ बाईंनी फोनवर सुनावलं होतं, "लक्ष कुठं असतं हल्ली? शुक्रवारपर्यंत सुधारलं नाही, तर मला दुसरं माणूस बघावं लागेल."

डोकं आहे की खोकं! तिला स्वतःचीच शिसारी आली.

"वाजली का गं?" शेजारच्या खोलीतून अण्णांनी विचारलं.

अण्णा म्हणजे तिचे वडील. पायातलं बळ गेलेलं, धरून नेल्याशिवाय संडासापर्यंत पोचायचे नाहीत. घरात नियम एकच होता, टायमरची घंटी वाजेपर्यंत हाक मारायची नाही. सुरुवातीला त्यांनी आठवड्यात तीनदा गादी भिजवली. परक्या माणसांच्या आतड्यांची नि मूत्राशयांची वर्णनं ती चहात बिस्किट बुडवत टाइप करायची, पण बापाची चादर बादलीत टाकताना तिला उमासे यायचे. तिसऱ्या वेळी ती नाकाला ओढणी लावून म्हणाली होती, "शी! लहान मूलसुद्धा सांगतं हो." अण्णा भिंतीकडे बघत राहिले होते.

पुढे टायमर मध्येच अडकायला लागला, तो अण्णांनीच नीट करून दिला. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. मांडीवर टॉवेल पसरून अर्ध्या तासात काम फत्ते. आणि नवल म्हणजे तेव्हापासून, महिनाभर, गादी कोरडी. "शिस्त लावली की लागते," ती बहिणीला ऐटीत सांगायची.

राग कशावर तरी निघायला हवा होता. तिने फडकं घेऊन पडदा खसाखसा पुसला, तशी चिकटपट्टीच निघून हातात आली. खाली आकडे होते. दहा वाजून एकोणीस.

असं कसं? अण्णांच्या रेडिओवर दहाच्या बातम्या लागल्या, तो बंद करूनच ती कामाला बसली होती. मग पंचवीस मिनिटं कुठं गेली?

"अगं, वाजली ना?"

"थांबा जरा! परत लावतेय."

तिने चकती पंचवीसवर नेली आणि हाताची घडी घालून पडद्याकडे बघत बसली. ना हेडफोन, ना अहवाल. इतक्या एकचित्ताने ती महिनाभरात काही करत बसली नव्हती. पाच मिनिटं गेली. दहा. पलंग एकदा कुरकुरला, तिने मान वळवली नाही. पंधरा. अठराव्या मिनिटाला टायमर किणकिणला.

तो मुठीत धरून ती तणतणत आत गेली.

"अण्णा, काय करून ठेवलंत याचं? अठरा मिनिटांत वाजतोय! माझं काम जायची वेळ आलीये, आणि मी समजतेय की माझंच डोकं फिरलंय!"

अण्णा पलंगाच्या कडेला बसले होते. मांडीवर टॉवेल होता आणि त्यांनी तो दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरला होता.

"आतली काडी जराशी घासली," ते म्हणाले. आवाज अपराधी होता, पण कारागिराचा. "हलकी झाली की पळते."

"पण का?"

"पंचवीस निघत नव्हती गं. अठरा निघतात. भिंगाच्या डबीत माझं जुनं घड्याळ आहे, त्यावर मोजून बघितली होती."

तेव्हा तिला वास आला. टॉवेलची कड ओली होती. पलंगाच्या पायाशी फरशीवर एक ओघळ सावकाश तिच्या चपलेकडे येत होता. तिला उमासा आला, पोटाच्या तळापासून, आणि या खेपेला चादरीचा त्यात काही दोष नव्हता. ओढणी नाकाकडे नेलेला तिचा हात तिला तोडून टाकावासा वाटला.

अण्णांनी टॉवेल आणखी दाबला. तिच्याकडे न बघता, घड्याळाची चूक गिऱ्हाइकाला समजावून सांगावी तसं ते हळूच म्हणाले,

"आज दोनदा वाजली."